गिअरबॉक्समधलं वंगण

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी तेव्हा जालन्यात एका मारवाडी सेठजींची मोटार चालवायचो. जिनिंग फॅक्टरी त्यांची, मोटारही त्यांची, रुबाब मात्र सगळा माझा. गावाकडे बैल हाकणारा मी. पण दोन वर्षांत असा हात बसला, की आपल्यासारखा ड्रायव्हर पंचक्रोशीत नाही, हे मी स्वतःच लोकांना सांगत फिरायचो.

एका उन्हाळ्यात गिअर बदलताना मोटार कुरकुरायला लागली. आमच्याकडे बैलगाडीचं चाक कुरकुरलं, की एरंडेलात जळक्या पेंढ्याची राख कालवून ते काळं वंगण आसाला चोपडतात. मीही तेच केलं. गिअरबॉक्सचं टोपण उघडून डबाभर वंगण आत सोडलं. आवाज बंद झाला. त्या दिवशी स्वतःवर इतका खूश होतो, की दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पंधरा दिवसांनी राजूरच्या गणपतीहून परतताना गिअर अडकला तो अडकलाच. मोटार बैलांनी ओढत जालन्यात आणली. भर बाजारातून त्या बैलांच्या पुढे मला चालावं लागलं.

सेठजींनी औरंगाबादहून मिस्त्री बोलावला. त्याने गिअरचा दांडा दोनदा हलवला, कान लावला अन् निकाल दिला, "गिअरबॉक्स खतम. नवा मुंबईहून येईल तवा येईल. इकून टाका, दुसरी घ्या."

सेठजींना ते पटलं. गप्प बसलो असतो तर नवीकोरी मोटार माझ्याच हातात आली असती. पण धडधाकट मोटार मी मारली होती, आणि ती भंगारात जाणार हे मला बघवेना.

"सेठजी, इकू नका. मी करतो दुरुस्त. बिलकुल चालंल."

"मिस्त्री खतम म्हणतो. मंग तुला कसं ठाऊक?"

मी घाबरलो. नोकरी गेली तर पुन्हा बैलांमागे जायचं, एवढंच डोक्यात आलं. तरी बोललो.

"आत बैलगाडीचं वंगण हाय. मीच टाकल्तं."

"खोल मंग," सेठजी म्हणाले. "न्हाई चालली, तर मोटारीसंगं तूबी जाशील."

तीन दिवस मी फॅक्टरीच्या आवारात गिअरबॉक्स खोलून बसलो. आत काळा चिकटा साचला होता, त्यात न जळलेल्या काड्यासुद्धा होत्या. एकेक चाक रॉकेलने धुतलं. एकाच चाकाचे दात गेले होते; तसलं चाक औरंगाबादला एका जुन्या मोटारीतून मिळालं. योग्य ते तेल भरलं, दांडा ओढला आणि मोटार निमूट निघाली. मिस्त्रीला मी मुद्दाम निरोप धाडला, येऊन बघून जा म्हणून. तो काही आला नाही.

पुढच्या चतुर्थीला सेठजींना घेऊन राजूरला निघालो. अर्ध्या वाटेत त्यांनी मागून विचारलं, "मी त्या दिवशी इचारलं नसतं, तर सांगितलं असतंस का रे?"

"बराबर सांगितलं असतं," मी ठासून म्हणालो.

सेठजी हसले आणि बाहेर बघू लागले. माझ्याबद्दल मी आजवर पुष्कळ गोष्टी छातीठोकपणे सांगत आलो, आणि बहुतेक खऱ्याच होत्या. तेवढ्या एका उत्तराची मला अजून खात्री नाही.