माग खात्याचा बारावा गडी

कल्लप्पाला मंडईत एकट्याला पाठवायचं नाही, हे गौरम्मानं लग्नानंतर महिन्याभरातच ओळखलं होतं. कांदे आणायला गेलेला हा माणूस पपई घेऊन यायचा. पपई मात्र अशी, की सगळ्या भवानी पेठेत तिच्या तोडीची सापडू नये. "कांदे कुटं हायत?" असं गौरम्मानं कमरेवर हात ठेवून विचारलं, की तो निरागसपणे म्हणायचा, "आगं, आज मंडईत हिच्याएवढं चांगलं दुसरं काय नव्हतंच की." मग त्या दिवशी भाजीत कांदा नसायचा आणि जेवणानंतर गौरम्मासकट सगळे पपईवर ताव मारायचे.

घरात हे खपून गेलं. गिरणीत खपलं नाही.

त्या काळी सोलापूर भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायला बसायचं. कल्लप्पा ज्या गिरणीत जॉबर, म्हणजे मागावरच्या कामगारांचा मुकादम, होता, तिथं दरवर्षी दिवाळीनंतर खात्याखात्यांचे फुटबॉलचे सामने लागायचे. माग, सूत, रंग आणि इंजिन अशी चार खाती. आठ दिवस आधी मैदानावर पाण्याचा टँकर फिरायचा, चुन्याचे पट्टे ओढले जायचे, आणि एरवी एकमेकांची तंबाखू खाणारी माणसं एकमेकांकडं बघेनाशी व्हायची. एकदा रंग खात्यानं सलग चार वर्षं ढाल नेली आणि पाचव्या वर्षी मैदानात चपला निघाल्या. तेव्हा लेबर ऑफिसरसाहेबांनी नियमच करून टाकला. प्रत्येक खात्यानं आपले जुने दहा गडी ठेवायचे आणि दोन गडी नव्यानं कामाला लागलेल्यांतून घ्यायचे. नवे लोक कुठल्याही खात्यात असोत, नावं एकत्र. चार कप्तानांनी कॅन्टीनमध्ये बसून आळीपाळीनं एकेक नाव उचलायचं. गेल्या वर्षी जो तळाला, त्याची पाळी पहिली.

आणि गेली सात वर्षं पहिली पाळी माग खात्याच्या कप्तानाची, कल्लप्पाचीच होती.

कारण तिथंही तो पपईच उचलायचा. समोरच्या नावांत जो सगळ्यात चांगला, तो घ्यायचा. त्याला जागा कुठं, हे मागनं बघायचं. चांगले खेळणारे बहुतेक फॉरवर्डच असतात. त्यामुळं माग खात्याकडं गोल मारायला सातजण झाले आणि गोल अडवायला कुणी उरलं नाही. मग स्वतः कल्लप्पाच गोलात उभा राहायचा. मूळचा तो फॉरवर्ड, आणि तोही कसा! पण सात वर्षं तो दोन बांबूंच्या मध्ये पोट सावरत उड्या मारत राहिला. रंग खात्याची पोरं ओरडायची, "मालक, दुकान उघडं ऱ्हायलंय!"

चौऱ्याहत्तर साली मात्र माग खात्याचे लोक घरीच आले. आदल्या वर्षी उन्हात एकाला भोवळ आली होती, म्हणून साहेबांनी हुकूम काढला होता की पंच्याहत्तर सालापासून पंचेचाळिशीच्या वरच्याला खेळवायचं नाही. कल्लप्पा सत्तेचाळीसचा. म्हणजे हे त्याचं शेवटचं वर्ष. मंगळवेढ्याकडचा कोंडीबा नावाचा एक नवा गडी सूत खात्यात लागला होता, सुपासारख्या हातांचा. "गोलकीपर घ्या," लोक म्हणाले. "आनि तुमी एकडाव तरी तुमच्या जागंवर खेळा की."

गौरम्मा चहाचे कप उचलत होती. तिनं नवऱ्याला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. बायकांनी मैदानावर जायची पद्धतच नव्हती. ती म्हणाली, "ह्या बारीला आदी कांदे घ्या. मग मी येते बगायला. पोरीला बी घेऊन येते."

कल्लप्पाला त्या रात्री आनंदानं जेवण गेलं नाही. त्यानं सिद्धरामेश्वराची शपथ घेतली: पहिलं नाव कोंडीबाचं.

निवडीआधी दोन दिवस नव्यांची चाचणी झाली. कोंडीबानं खरोखरच काही आत जाऊ दिलं नाही. पण शेवटी एक काटकुळा माणूस अनवाणी मैदानात उतरला आणि कल्लप्पा बसल्या जागी ताठ झाला. वळसंगचा निंगप्पा. बदली कामगार, कुणी रजेवर गेलं तरच याला काम. मराठी यथातथाच, सगळं बोलणं कानडीत. चेंडू त्याच्या पायाशी आला की जायचं नावच घेत नव्हता. तिघांना चकवून त्यानं कोंडीबालाही डाव्या अंगानं चकवलं आणि मग एखादी चूक झाल्यासारखा मान खाली घालून परतला.

"गडी झकास," रंग खात्याचा कप्तान शिवलिंगप्पा म्हणाला, "पन ठेवू कुटं? माजे फॉरवर्ड भरलेत." इतर दोघांनीही मान हलवली. त्यातून हा बदली. सामन्याच्या दिवशी गिरणीत असेल की नाही, कोण सांगणार?

'ठेवू कुठं' हे शब्द कल्लप्पाच्या काळजात जाऊन बसले. रझाकारांची धामधूम संपली त्याच्या पुढच्या वर्षी तो स्वतः असाच नवा, असाच अनवाणी, बावीस वर्षांचा होता. तेव्हाच्या कप्तानानं त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "तू सगळ्यांत चांगला हायस रं, पन आमाला मागं अडवनारा बॅक पायजे." सगळे सामने त्यानं मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली बसून पाहिले होते. नंतर जागा मिळाली, टाळ्याही मिळाल्या, पण ते बसणं काही केल्या विसरलं नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गौरम्मालाही नाही.

निवडीच्या दिवशी कॅन्टीनच्या दारात माग खात्याचे लोक पहारा दिल्यासारखे उभे होते. कारकुनानं यादी वाचली. कल्लप्पानं घसा खाकरला.

"कोंडीबा."

दारात शिट्टी वाजली. मग बाकी तिघांनी आपापल्या गरजेप्रमाणं बॅक आणि हाफ घेतले आणि पाळी पुन्हा कल्लप्पाकडं आली. आता संघाला हवा होता एक बॅक, आणि कुंडलिक नावाचा धिप्पाड गडी अजून यादीत होता. दारातून खुणा सुरू झाल्या: कुंडलिक, कुंडलिक. खिडकीबाहेर निंगप्पा उभा होता. आपलं नाव कुणी घेईल असं त्यालाही वाटत नसावं, कारण तो आत बघतच नव्हता.

कल्लप्पाला डोळ्यांपुढं गौरम्मा दिसली, ठेवणीतलं इरकल नेसून मैदानाकडं निघालेली. सात वर्षं गोलात काढल्यावर आपल्या जागेवरचा एक खेळ. एकच तर. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"निंगप्पा," तो म्हणाला.

दारात कुणीतरी कपाळावर हात मारला. कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "कल्लप्पा, तुमच्या फॉरवर्डांत जागा कुठं आहे?"

"हाय की," कल्लप्पा म्हणाला, "माजी. मी बारावा."

बारावा म्हणजे राखीव. कुणाचा पाय मोडला तर आत जायचं, नाहीतर बाहेर बसायचं. बाहेर येऊन त्यानं निंगप्पाला कानडीत सांगितलं, तेव्हा तो वाकून पाया पडायला लागला. कल्लप्पानं त्याला दंडाला धरून उभं केलं आणि दरडावलं की रविवारी आला नाहीस तर वळसंगला येऊन कान उपटीन. खात्यातली माणसं चार दिवस त्याच्याशी बोलली नाहीत. झालेलं घरी सांगायचं धाडस त्याला रविवारपर्यंत झालं नाही.

ढालीचं विचाराल तर ती त्या वर्षी सूत खात्यानं नेली. माग खातं दुसरं आलं. पण पहिल्या सामन्याला रविवारी संध्याकाळी गौरम्मा खरंच आली, लेक दाक्षायणीला घेऊन, शेंगाच्या पोळ्यांचा डबा घेऊन. बायका दोघीच, त्यामुळं सगळं मैदान वळून बघत होतं. तिनं अकरा माणसांत नवरा शोधला. नाही. मग तो तिला लिंबाखाली दिसला, मांडी घालून बसलेला.

ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. "कांदे घेतले न्हवं?"

"घेतले की. त्यो बग, गोलात." मग चाचरत त्यानं सगळं सांगितलं, बावीस वर्षांचा होता तेव्हापासूनचं. सांगून झाल्यावर म्हणाला, "पिशवीत एक जागा ऱ्हायली हुती."

गौरम्मा पदर सावरून सगळ्यांच्या देखत त्याच्याशेजारी लिंबाखाली बसली. तेवढ्यात निंगप्पाकडं चेंडू आला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, आणि तो डाव्या अंगानं वळला तेव्हा इकडं कल्लप्पाचाच उजवा पाय मातीवर सरकला.

"आप्पा, तुमी कवा खेळनार?" दाक्षायणीनं बापाला विचारलं.

"गप," गौरम्मा म्हणाली. तिची नजर मैदानावरच्या अनवाणी पायांवरून हलत नव्हती. "खेळायलेत की. बग."