एक्स्चेंजचा आवाज

आम्ही टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या बायका भेटलो की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. ऑटोमॅटिक आलं, बोर्ड भंगारात गेला; किस्से तेवढे साठत राहिले. सगळ्यांच्या मुळाशी आमच्या सुपरवायझर नलिनीताई! नव्या मुलींना तयार करावं तर त्यांनीच. आधी कितीतरी दिवस शेजारी बसवून नुसतं ऐकायला लावायच्या, मग बोलायला. थोडं कमी चांगलं शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

*

पुष्पा काटोलची. पहिल्याच दिवशी बोर्डावर दिवा लागला, हिने प्लग खुपसला आणि विचारलं, "कोन बोलून राह्यलं गा?"

पलीकडे जज्जसाहेब!

नलिनीताईंनी कपाळाला हात लावला. "अगं, इथं पुष्पा नाही बोलत, एक्स्चेंज बोलतं!"

पुष्पा रडली. तिची आई गावी आजारी होती. "नोकरी पक्की झाली का मायले इथंच आणीन, मोठ्या दवाखान्यात दाखवीन," म्हणायची. मग जिद्दीने शिकली.

*

आमच्यातल्या विमलचा नवरा एकदा घरी जोरात भांडत होता. ही बोर्डावर ट्रंक कॉलवाल्यांना विचारायची तशी शांतपणे म्हणाली, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

बिचारा भांडणच विसरला!

*

माझ्या सख्ख्या भावाने ट्रंक कॉल लागत नाही म्हणून मलाच झाडलं. संध्याकाळी घरी येऊन म्हणतो, "तुमच्याकडे एक बाई फार खडूस आहे!"

ताईंना केवढा आनंद झाला. "याला म्हणतात ट्रेनिंग!"

*

हा किस्सा मात्र ताईंनी एकदाच सांगितला.

पुष्पाला पक्कं करायची चाचणी होती. ताई हेडफोन लावून तिच्याच लाईनवर ऐकत होत्या. काटोलचा दिवा लागला.

"एक्स्चेंज. बोला."

"बाई, मी पुष्पाचा बाप बोलतो. तिची माय गेली आज सकाळी. तिले घरी पाठवून द्या."

ताईंचा हात तिच्या खांद्याकडे गेला आणि अर्ध्यावरच राहिला. पुष्पा बोर्डाकडे बघत होती.

"पन बाई, एकदम नोका सांगू तिले. लय घाबरट हाय पोरगी. हळू सांगजा."

"हो," पुष्पा म्हणाली. "हळूच सांगते."