मांजरमास्तर आणि सहावं बोट

मांजरमास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी घरातलं मांजर शोधत. त्याचा पुढचा पंजा हलकेच दाबून बोटं मोजत आणि मग माणसांकडे वळून "काय, बरं आहे ना?" म्हणत. सोलापुरात त्यांना खऱ्या नावानं ओळखणारे थोडेच असतील.

ते आमच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत. मी दुधनीहून सातवी करून आलो होतो, डावा हात कायम सदऱ्याखाली लपवून. त्या हाताला करंगळीशेजारी सहावं बोट. पहिल्याच दिवशी मास्तरांनी तो हात बाहेर काढला, मांजराचा पंजा धरावा तसा धरला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. संध्याकाळी घरी ये, तुझी भावंडं दाखवतो."

भावंडं म्हणजे मांजरं. विलायतेला परतताना गिरणीतल्या एका साहेबानं आपली लांब केसांची जातिवंत मांजरं मास्तरांना दिली होती. त्यातल्या बोक्याच्या पुढच्या पायांना सहा-सहा बोटं होती. ती पुढे कुणाकुणात उतरतात, हे मास्तर वर्षानुवर्षं पाहत होते. पडवीला जाळी मारून कोणती मांजर कोणत्या बोक्याजवळ ठेवायची, हे तेच ठरवत. भिंतीवर मांजरांची वंशावळ खडूनं काढलेली असे.

"काय मास्तर, जुळली का पत्रिका?" शेजारचे वकील विचारत.

"जुळली. सगोत्र आहे, म्हणूनच तर लावतोय!"

त्यांना हसायला आवडे. पण मी माझ्या बोटाचं कारण सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. माझ्या वेळी अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, ग्रहणात विळी हातात घेतली, असं मोठी आत्या सांगे. सगळा गाव तेच धरून चालला होता. कुणाच्या डोहाळजेवणाला अव्वाला बोलावणं नसे. गरोदर बाई दारात आली की अव्वा आपणहून आतल्या खोलीत जाई आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसे. त्या वर्षी चुलतबहिणीला दिवस गेले होते आणि घरात पुन्हा तेच चाललं होतं.

"गेल्या ग्रहणात माझ्या पांढऱ्या मांजरीनं गाभण असताना आख्खा उंदीर फाडला," मास्तर म्हणाले. "पिल्लांची बोटं बघ. सगळी जिथल्या तिथे." मग जरा थांबून म्हणाले, "पण मांजराचं ते माणसाचं, असं मी म्हणणार नाही. आधी बघायला हवं. वडिलांचे पाय नीट पाहिलेस कधी?"

"करंगळीच्या बाजूला घट्टा आहे. मागावर पाय मारून पडलाय."

"घट्टा तळव्याला पडतो रे. कडेला कसा पडेल?"

दिवाळीच्या सुट्टीत ते खरंच दुधनीला आले. हातात झाकणाची टोपली, टोपलीत सहा बोटांचा बोका. आमच्या घरी शिकलेला माणूस असा पहिल्यांदाच येत होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, खड्ड्यातल्या हातमागावरून उठून भिंतीशी बसले. मास्तरांनी बोका सरळ आत्याच्या मांडीवर ठेवला.

"अगाई! लई गुबगुबीत हाय की ओ मास्तर! काय खातंय?"

"माझा पगार," मास्तर म्हणाले. "पंजा दाबून बघा, अक्का. याची आई साधी, पाच बोटांची. हा बापावर गेला."

आत्यानं बोटं मोजली. पुन्हा मोजली. कौतुकानं म्हणाली, "आमच्या मल्लूच्या पायालाबी असंच हुतं की! सुईणीनं घोड्याच्या केसानं आवळून बांदलं, वाळून गळून पडलं..."

बोलता बोलता तिचा हात बोक्याच्या पाठीवर थांबला. आतल्या खोलीत कांड्या भरणारा रहाट थांबला. मल्लू म्हणजे अप्पा. त्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतला. आमच्याकडे अशी जास्तीची बोटं तान्हेपणीच बांधून टाकत आणि विसरून जात. माझ्या बोटात हाड होतं म्हणून ते राहिलं, एवढाच फरक.

मास्तर आतल्या दाराकडे पाहून इतकंच म्हणाले, "बाई, मांजराला जरा दूध मिळेल का?"

अव्वा वाटी घेऊन बाहेर आली. आत्यानं सरकून तिला शेजारी जागा दिली. चुलतबहिणीच्या डोहाळजेवणाला पहिली ओटी आत्यानं अव्वाकडून भरवली.

स्टेशनवर मी मास्तरांना विचारलं, "तुम्ही तिथं काहीच कसं बोलला नाहीत?"

"त्यांनी स्वतः मोजलं ना? मग मी कशाला बोलू?"

पुढे मी बी.एस्सी. झालो आणि शाळेत शास्त्र शिकवू लागलो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आज वर्गात डाव्या हातानं खडू धरतो, तेव्हा मुलं बोटाकडे बघतात. मी त्यांना बघू देतो. हे मी मास्तरांकडून घेतलं.

मास्तर माळशिरसला आपल्या गावी वारले. त्यांचं काम अर्धंच राहिलं. सोलापूरच्या घरातली वंशावळीची ती भिंत नव्या भाडेकरूनं चुना लावून पांढरी केली. मांजरं ओळखीच्यांनी वाटून घेतली. माझ्या वाट्याला एक पिल्लू आलं, ते मी दुधनीला नेलं.

"मास्तर गेले," मी सांगितलं.

अव्वानं पिल्लू मांडीवर घेतलं, त्याचा पंजा हलकेच दाबला आणि बोटं मोजली. सहा. मागावर बसलेल्या अप्पांकडे पाहत पदरानं डोळे पुसले आणि हसून म्हणाली, "बापावर गेलंय."