पोटरीवरची पट्टी

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पोटरीला पट्टी बांधल्याशिवाय कुणी यंत्रमागापुढं उभा राहत नव्हता. टॉवेलची कापून टाकलेली किनार असते, चार बोटं रुंद, जाड, न ताणणारी. ती दोन्ही पायांना गुडघ्याखाली दोन वेढे देऊन आवळायची आणि गाठ बाहेरच्या बाजूला मारायची. मला ती बांधायला माझ्या उस्तादानं शिकवलं. तेलुगू घरातला माणूस, मराठी तोडून बोलायचा. म्हणायचा, "रगत खाली उतरलं की पाय भरतंय. पाय भरलं की माणूस बसतंय. बसलेल्या माणसाला मालक ठेवतंय का?"

बारा तास उभ्याचं काम. उस्तादाचं खरंच होतं. पट्टी बांधली की पाय संध्याकाळपर्यंत हलका राहायचा. पायावर शिरांच्या गाठी आलेली माणसं पट्टीच्या जोरावर वर्षानुवर्षं निभावून नेताना मी बघितली आहेत.

मी ती चाळीस वर्षं बांधली. पुढं जॉबर झालो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. मग एका जागी उभं राहणं कमी झालं, पण पट्टी सुटली नाही. दारातून आत येताना नुसत्या खडखडाटावरून सांगायचो, कुठल्या रांगेतला कुठला माग आजारी आहे. मालक मला मास्तर म्हणायचा. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला मास्तर!

जॉबर झालो तसं पोट सुटलं. त्याची मला कधी लाज वाटली नाही. आमचं गाव होटगीच्या पलीकडं, कोरडं रान. लहानपणी माझ्या बरगड्या लांबून मोजून घ्याव्यात अशा होत्या. त्यामुळं शर्टाच्या गुंड्या ताणायला लागल्या तेव्हा मी खूश होऊन मोठा शर्ट शिवला. बायको घरी बिड्या वळायची. वळताना बिघडलेल्या मी ओढायचो. वाया कशाला घालवायच्या, असं माझं म्हणणं. पण दिवसाला एवढ्या बिघडतात कशा, हे तिनं एकदा विचारलं होतं. मी पुढची पेटवली.

काम सुटल्यावरही मी रोज अक्कलकोट रोड एमआयडीसीत जुन्या कारखान्यावर चहाला चालत जायचो. त्या वाटेवर पहिल्यांदा डाव्या पोटरीत गोळा आला. थांबलं की जायचा, चाललं की परत यायचा. पुढं पुढं दर वळणाला थांबायला लागायचं. मी पानटपरीपुढं थांबायचो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, मास्तर पान खातोय. आणि घरी येऊन पट्टी अजून एक बोट आवळायचो.

पाय झोपेतसुद्धा गार लागायला लागला तेव्हा बायकोनं मोठ्या दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीण होती, माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. तिनं माझ्या पावलाच्या पाठीवर दोन बोटं ठेवली. जागा बदलली, परत ठेवली.

"काका, इथं ठोका लागत नाही."

"नीट बघा की बाई. माणूस जित्ता हाय अजून."

बाजूच्या खाटेवरचे हसले. ती हसली नाही. मशीन लावून बघितलं आणि स्टूल ओढून समोर बसली.

"ह्या पायाला रक्त नेणारी मोठी नळी जवळजवळ बंद झालीय. लांबपर्यंत बंद आहे, त्यामुळं ऑपरेशन करून उघडेल याची खात्री नाही. पाय वाचवायचा असेल तर बिडी आजपासून बंद. वजन उतरवायचं. आणि रोज चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं."

"दुखतंय म्हणून तर आलोय आणि चाला म्हणता व्हय?"

"मोठा रस्ता बंद झाला की रिक्षा गल्लीबोळातून जातात ना, तसं. रक्त कमी पडलं की शरीर स्वतःच बाजूनं बारीक बारीक नळ्या वाढवतं. त्या वाढवा, असं सांगणारा एक पदार्थ रक्तात असतो. तुम्ही चालाल तशा त्या वाढतील. पण फार नाजूक असतात त्या." मग तिनं हातातला कागद बघून विचारलं, "पायाला काही घट्ट बांधता का? पट्टा, दोरा?"

"न्हाई."

"मग गुडघ्याखाली हा वण कसला?"

"मोज्याचा."

पायात चपला होत्या. जन्मात मोजा घातला नव्हता. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. पट्टी मी दवाखान्यात यायचं म्हणून सकाळी सोडून खुंटीला लावली होती.

खोटं का बोललो, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. एका पोरीच्या तोंडून माझ्या उस्तादाला अडाणी म्हणवून घ्यायचं नव्हतं. दुसरं कारण सापडत नाही.

ती डॉक्टरीण त्याच पदार्थाचा अभ्यास करत होती. जाड माणसांत आणि नळ्या बंद झालेल्यांत तो किती असतो, ते बघायचं होतं. माझ्याकडून सही घेऊन तिनं एक बारकी बाटली जादा रक्त घेतलं. पुढच्या खेपेला म्हणाली, "काका, तुमच्यात तो बराच जास्त निघाला."

तिचं पुढचं बोलणं मी नीट ऐकलंच नाही. जास्त निघाला म्हणजे आपल्याकडं माल भरपूर आहे, असं मी धरून चाललो. कारखान्यावर जाऊन सांगितलं.

"नवीन नळ्या तयार करायचं औषध माझ्या अंगातच हाय. डॉक्टरीण म्हणली, लई हाय."

माझ्या हाताखाली शिकलेला एक विणकर धोट्यात सुताची कांडी भरता भरता म्हणाला, "मग मास्तर, थोडं आमाला बी द्या की. बाटलीतनं."

"तुला नको. तुझ्याकडं पोट कुटं हाय ते साठवायला?"

सगळे हसले. मीही हसलो. त्याच्याही पोटरीला पट्टी होती.

मी चाललो मात्र खरा. बिडी सोडली, हे लिहायला मला अजून बरं वाटतं. रोज सकाळी घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचो. गोळा आला की थांबायचो, गेला की निघायचो. अंगात जिद्द होती आणि पायजम्याखाली पट्टी. पट्टीशिवाय चालायला निघालो की उघडं निघाल्यासारखं वाटायचं. बायको एकदा उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"अवो, त्या बाईनं इचारलं व्हतं नव्हं, बांधता का म्हणून? उगंच इचारल व्हय ती?"

"तिनं कधी माग चालवलाय का?"

"तुमी कधी डॉक्टरकी केलीय का?"

मी तिच्या अंगावर ओरडलो. ती बाजूला झाली. माझी पट्टी ती बाकीच्या कपड्यांबरोबर धुवायची, ते तिनं त्या दिवसापासून सोडलं. मीच धुवायला लागलो.

चपलेच्या अंगठ्यानं बोटाला घासलं, त्याचं निमित्त झालं. एवढीशी जखम. ती लाल न होता आधी जांभळी झाली, मग काळी. दुखायला लागली ती अशी, की पाय खाटेखाली सोडून बसल्याशिवाय चैन पडेना. दवाखान्यात नेईपर्यंत दोन बोटं गेली होती. आधी बोटं काढली. ती जागा भरेना. मग डावा पाय गुडघ्याखाली काढायचा ठरला.

जिथं कापलं ती जागा पट्टीच्या जागेपासून लांब नव्हती. 

ऑपरेशननंतर काही दिवसांनी ती डॉक्टरीण परत रक्त न्यायला आली. मी तिला विचारलं, "बाई, माझ्यात तो पदार्थ लई हाय म्हणला व्हता. मग नळ्या का न्हाई वाढल्या?"

ती खाटेच्या कडेला बसली. "तेव्हाही सांगितलं होतं काका. जास्त असणं म्हणजे चांगलंच असं नाही. चरबीलाही जगायला रक्त लागतं, ती स्वतःसाठी नळ्या मागून घेते. तुमच्या रक्तातला बराचसा त्या पोटानं सोडलेला असावा. पायाला हवं तिथं त्याचा उपयोग झाला नाही. आणि नळीत जो थर साचतो, त्याच्यातसुद्धा अशा बारीक नळ्या उगवतात, मग तो थर कच्चा होतो. हे सगळं आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. म्हणून तर विचारत फिरते."

ज्या पोटाचा मला अभिमान, त्यानं माझ्या पायाआधी आपलंच भागवून घेतलं होतं.

तिनं कागद काढला आणि पहिल्यासारखंच वाचायला लागली. बिडी? बंद. चालणं? तिनं ते स्वतःच ओलांडलं. "पायाला काही घट्ट बांधत होता का?"

बायको पायथ्याशी बसली होती. हळूच म्हणाली, "सांगा की आता. आता काय ऱ्हायलंय?"

"बांधत व्हतो," मी म्हणलं. "टॉवेलची किनार. चाळीस वरीस. तुमी चाला म्हणला तवा बी बांधूनच चाललो. मोज्याचं खोटं व्हतं."

तिचं पेन थांबलं. मला वाटलं आता झापेल. झापलं असतं तर बरं झालं असतं. तिनं खूप वेळ काहीतरी लिहिलं.

"पट्टीनंच पाय गेला का?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. नळी आधीच बंद होती. शिरा फुगलेल्याला पट्टीनं बरं वाटतं, पण तुमचा आजार तो नव्हता. तुमच्या पायात आधीच थोडं रक्त पोचत होतं, त्यात पट्टीनं नुकसानच केलं असणार. ती नसती तर वाचला असता का..."

मग तिनं माझ्या उजव्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून बसली. बायकोनं पदर तोंडाला लावला.

"लागतोय," ती म्हणाली. "बारीक आहे. पण आहे."

कारखान्यावर मी एकदाच गेलो, मुलाच्या रिक्षातून. त्या कांडी भरणाऱ्या विणकराला जवळ बोलावलं आणि पायजमा वर करून दाखवला. तो म्हणाला, "मास्तर, तुमचं बिडीनं गेलं. आमी कुटं बिडी ओढतो?" आणि मागाकडं गेला. पट्टी त्यानं सोडली नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडली नसती. खरं तर त्याच्या पायात गाठी आहेत, त्याला ती लागतही असेल. त्याच्या पावलावर कुणी बोटं ठेवून बघायला पाहिजे, एवढं मी मालकाला सांगून आलो. बघू म्हणाला.

आता मी वॉकर धरून दारापासून नळापर्यंत जातो. एका पायावर उड्या मारल्यासारखं चालणं आहे, लोक बघतात, बघू देत. उजव्या पोटरीत गोळा आला की थांबतो, गेला की परत निघतो. पट्टी बांधत नाही. पण तिची खाच पोटरीवर अजून आहे. बायको रोज तेल लावते तिथं, आणि लावताना तिची दोन बोटं खाली पावलावर जातात. ती ठोका शोधते. मी तिच्या तोंडाकडं बघत बसतो.