अर्ध्यावर सोडलेली उपासना

आमच्या ख्रिस्ती मंडळीत भातकापणी झाली की उपकारस्तुतीचा रविवार असतो. त्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या अंगणातलं काही ना काही वेदीपाशी आणून ठेवतं. त्या वर्षी पप्पांनी नारळ आणि दोन मोठी तवसं, म्हणजे पावसाळी काकड्या, आणली होती. ते मंडळीचे पंच, त्यामुळे पहिल्या बाकावर बसायचे. मी त्यांच्या शेजारी होते.

पाळकसाहेबांचा उपदेश समेटावर होता. अर्पण आणलंस आणि भाऊ तुझ्यामुळे दुखावलाय हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा, असा त्याचा अर्थ. हे वचन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ऐकून जिथल्या तिथे बसून राहायचो, एवढंच.

पप्पा उठले. मला वाटलं, पाणी प्यायला चाललेत. पण मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, ते सरळ दाराबाहेर गेले. मी मागे धावले.

"पप्पा, बरं नाही का?"

"बरा आहे. राजापूरला चाललोय."

राजापूरला काका राहायचे, पप्पांचे धाकटे भाऊ. आजी अंथरुणाला खिळल्यावर मांडवीच्या आमच्या घरीच होती. तिचं सगळं पप्पा आणि आई करायचे. काका एकदा येऊन गेले, पुन्हा फिरकले नाहीत. आजी गेली तेव्हा दफनभूमीत काकांनी मातीची मूठ भरली आणि पप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "जिवंतपणी पाणी पाजायला आला नाहीस, आता माती टाकायला कशाला आलास?" काकांनी ती माती तिथेच खाली सोडली आणि निघून गेले. त्यानंतर कित्येक वर्षं दोघांत शब्द नव्हता.

एसटी स्टँडवर मी म्हटलं, "फोन करून जाऊ या का?"

"फोन केला तर तो नको म्हणेल. मग मला सुटल्यासारखं बरंच वाटेल," पप्पा म्हणाले.

गाडीत ते खिडकीची दांडी घट्ट धरून बसले होते.

दार काकूंनी उघडलं. पप्पांना बघून त्यांनी नुसतीच आत हाक मारली. काका बाहेर आले, पण उंबरा ओलांडला नाही.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांनी दारात आलेला भाऊ म्हणजे कुणीतरी गेलेलंच असणार.

"कोणी नाही. मी दफनभूमीत बोललो ते बोलायला नको होतं. तेवढं सांगायला आलो."

काका म्हणाले, "मी का येत नव्हतो, कधी विचारलंस? त्या दिवशी आई मला बघून तुला म्हणाली, हा कोण? तू स्वयंपाकघरातून चहा आणायला वळला होतास, तुला ऐकूच गेलं नाही. मला ते पुन्हा ऐकवलं नसतं, दादा."

"मला माहीत नव्हतं रे," पप्पा म्हणाले.

"यायला हवं होतं मी. तेही खरं." काका दारातून बाजूला झाले. "माझ्या मनातून सगळं गेलंय असं म्हणत नाही. पण जेवल्याशिवाय जाऊ नकोस."

काकूंनी बांगड्याचं सार आणि भात वाढला. प्रार्थना कोणी करायची, यावर दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी काकांनी केली. त्यांनी आजीचं नाव घेतलं, तेव्हा पप्पांनी डोळे न उघडताच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी त्या दोघांकडे बघत होते. आयुष्यभर रविवारी देवळात बसलेय, पण देवाच्या इतक्या जवळ मी कधी नव्हते, हे मी आजही खात्रीने सांगते.

संध्याकाळी परतलो तर पाळकसाहेब घरी आले होते. "पंचच उपासना अर्धी सोडून गेले, लोक विचारत होते," ते काळजीने म्हणाले.

"उरलेली राजापुरात झाली," पप्पा म्हणाले आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.

आता दोघं भाऊ दर आठवड्याला फोनवर बोलतात. बहुतेक वेळा वादच घालतात, आंब्याच्या कलमांना खत कधी घालायचं यावर. आवाज चढला की आई स्वयंपाकघरातून म्हणते, "हळू बोला की!" पण फोन कोणीच आधी ठेवत नाही.