हॉस्टेलच्या ग्रुपवर माझ्या भाचीची जात

मिल एरियातल्या आई-बापांनो, मिल बंद पडल्यापासून कामासाठी, खोलीसाठी आपण दारोदार सगळी कागदपत्रं उघडी करत आलोय.

आज भाचीला घेऊन भंवरकुआं या कोचिंग क्लासेसच्या भागातल्या एका हॉस्टेलवर गेले. तिला अठरा पूर्ण आहेत, एवढंच मॅनेजरला कळायला हवं होतं. पण त्याने आधार मागितलं, जातीचा दाखलाही मागितला, फोटो काढले आणि आमच्यासमोरच हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकले!

मी मॅनेजरला म्हटलं, "भिया, हे काय केलं?"

"दीदी, सबका डालते हैं. वेरिफिकेशन है."

भाची म्हणाली, "मावशी, मला इथे नाही राहायचं."

मी अजून हादरलेलीच आहे. कागद न दाखवता फक्त "अठरा पूर्ण" एवढंच सिद्ध करणारं गणित आज आहे, झिरो-नॉलेज प्रूफ. ते आपल्या दारात येईल तेव्हा येईल. तुम्ही आत्ता मुलीच्या हॉस्टेलला फोन लावा आणि ग्रुपवरची तिची कागदपत्रं पुसायला लावा.