फळ्यावरचा नाताळ

परवा आमच्या इंदूरच्या मराठी वाचनालयात माझ्यावर शुद्धीकरणाची नोटीस बजावली गेली... तोंडी.

दाराजवळचा फळा दर शनिवारी मी लिहितो, बारा वर्षं झाली. या वेळी लिहिलं, 'सर्व सभासदांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.' खडू खाली ठेवतोय तोच आमचे सेक्रेटरी देशपांडेजी ओलं फडकं घेऊन हजर.

"सर, हा पोर्तुगीज शब्द आहे. ख्रिस्तजयंती लिहा. नाहीतर सीधा 'बडा दिन' लिहा, इंदूर है भिया!"

माझ्यासारख्या संस्कृत शिकवण्यात केस पांढरे केलेल्या माणसासमोर शब्दाचं कूळ काढू नये... मी सगळं सांगितलंच. नाताळ पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला, पण मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा दिवस. आणि ते लॅटिन मूळ म्हणजे आपल्या 'जन्' धातूचं चुलत भावंड. पाहुणा समजलो तो घरचाच निघाला.

शिवाय परके हाकलायचेच तर पाव, बटाटा, चावी, पगार हेही त्याच जहाजातले. "पगारापासून सुरुवात करू या का?" असं मी नम्रपणे विचारलं. देशपांडेजी हसले नाहीत. म्हणाले, पुसा, नाहीतर जानेवारीपासून फळा दुसऱ्याकडे.

इतक्यात रूथताई पुस्तक बदलायला आल्या. रिटायर्ड नर्स, माहेर नगरकडचं. त्यांनी फळा दोनदा वाचला आणि आमच्या दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"तीस वर्षं मेंबर आहे मी. लोक प्रेमानं मेरी ख्रिसमस म्हणतात. पण आमच्या घरातला शब्द इथं आज पहिल्यांदा दिसला." मग देशपांडेजींकडे वळून, "पुसायचंय ना? पुसा. मी बघते."

देशपांडेजींनी शेजारची खुर्ची पुसली... फार निगुतीनं.

मी जिंकलो म्हणून हसणार होतो, पण ते 'पहिल्यांदा' टोचलं. संक्रांत, पाडवा, दिवाळी, सगळं लिहिलं मी. बाराही वर्षांच्या डिसेंबरात खडू माझ्याच हातात होता की! तेव्हा कुठे कोण फडकं घेऊन उभं होतं?

तर आता ऐका. जानेवारीत फळा काढून घ्यायचा तर घ्या. तोवर तो माझा आहे, आणि यंदा नाताळ एकतीस तारखेपर्यंत तिथून हलणार नाही. बाकीच्या सूचना भिंतीवर चिकटवा.

रूथताई, उशीर झाला... पण शुभेच्छा घ्या.